मुंबईतील परदेशी पंगत

रविवारची मिस्सा आटोपली की 'आज चायनीज की इटालियन?' हा प्रश्न अलीकडे चर्चच्या पायऱ्यांवरच ऐकू येतो. आईवडील, मुले, आजी असा सारा परिवार मग उपाहारगृहाच्या दिशेने निघतो. त्यात कोणालाच काही वावगे वाटत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या महाराष्ट्रात मात्र एवढ्यावरून घरे दुभंगली असती. पानात काय वाढले आहे यापेक्षा ते कोणाच्या हातचे आहे आणि शेजारी कोण बसले आहे, हाच तेव्हा खरा प्रश्न होता.

पुण्याचे चहाप्रकरण अनेकांना ठाऊक असेल. ऑक्टोबर १८९० मध्ये गोपाळराव जोशी यांच्या पुढाकाराने शहरातील काही प्रतिष्ठित मंडळी अँग्लिकन पंथाच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानासाठी गेली. तेथे चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी चहा घेतला, कोणी पेल्याला केवळ हात लावला. पुढे गोपाळरावांनीच नावे 'पुणे वैभव' पत्रात छापविली आणि ग्रामण्य उभे राहिले. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक दोघेही त्यात सापडले. वाद शंकराचार्यांपर्यंत गेला. रानड्यांनी अखेर मित्रांखातर प्रायश्चित्त घेतले, तेव्हा त्यांच्या चाहत्यांनाही ते रुचले नाही. एका पेल्याची केवढी ही किंमत!

आपल्या वसईकडची दंतकथा तर याहून बोलकी आहे. पोर्तुगीजांनी गावच्या विहिरीत पाव टाकला, नकळत ते पाणी प्यालेला सारा गाव बाटला, असे आपल्याला पिढ्यानपिढ्या ऐकवले गेले. शाळेत कित्येकांनी ते टोमण्यासारखे ऐकले असेल. श्रद्धा अशी घोटाबरोबर पोटात जात नसते, हे कोणाही ख्रिस्ती माणसाला सांगावयास नको. परंतु समाजाची समजूत मात्र तिच्यातून स्वच्छ दिसते: परक्याचा घास पोटात गेला की माणूस परका झाला.

आणि गंमत पाहा, पंचहौदचा तो चहा आणि विहिरीतला तो पाव मुंबईच्या इराण्याने एकाच टेबलावर आणून ठेवले.

इराणातील याझ्द आणि केरमान या भागांतून आलेल्या झरतुष्ट्री मंडळींनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मुंबईत चहाची दुकाने थाटली. कोपऱ्याची जागा अशुभ म्हणून इतर व्यापारी ती टाळीत, इराण्यांना ती सहज मिळाली, असे सांगतात. कोपऱ्याच्या दुकानाला दोन रस्त्यांकडून गिऱ्हाईक येते, हे त्यांनी ओळखले असावे! धोबीतलावची 'कयानी' १९०४ ची, बॅलार्ड इस्टेटची 'ब्रिटानिया' १९२३ ची. संगमरवरी टेबले, वाकविलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, काचेच्या बरण्यांत खारी आणि नानकटाई. ब्रिटानियाच्या पुलावात पडणारी आंबट, लाल झरश्क ही खास इराणची. पण बहुसंख्य मुंबईकर तेथे जात ते ब्रून मस्का आणि चहासाठीच. गिरणीकामगार, वकील, टॅक्सीवाला, परीक्षेचा विद्यार्थी एकाच टेबलाशी बसत. समोरच्याची जात कोणती, हे विचारण्याची सोय नव्हती, आणि चहा संपेपर्यंत गरजही उरत नसे. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकानांबरोबर सार्वजनिक उपाहारगृहांचा स्पष्ट उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून तेथे कोणाला मज्जाव करता येत नाही. भारताच्या घटनेला खाणावळीची दखल घ्यावी लागली, यातच सारा इतिहास आला.

आपण ख्रिस्ती लोकांनी मात्र फार टेंभा मिरवू नये. कर्नेल्याच्या घरी जाऊन जेवलेला पेत्र पुढे अंत्युखियात यहुदी मंडळी येताच परराष्ट्रीयांच्या पंक्तीतून उठला, आणि पौलाने त्याला तोंडावर खडसावले. तो जुना रोग आपल्यातही मुरलेला आहे. गोव्यात जातीनिहाय 'कोन्फ्रारिया' होत्या. वेदीसमोर सारे एक, पण लग्न जुळवताना जात पाहिलीच जाई. रोटी मोकळी झाली, बेटी अडूनच राहिली.

मुंबईच्या परदेशी पंगतीत आपले स्थान बहुधा भटारखान्यात होते. १९०३ मध्ये 'ताजमहाल' हॉटेल उघडले. पुढे त्याच्या मुदपाकखान्याची सूत्रे मिगेल आर्कांजो मास्कारेन्हस या गोमंतकीयाकडे आली. सारे त्यांना 'मास्की' म्हणून ओळखीत. असे नाव मोजक्यांच्याच वाट्याला आले. जहाजांवर, क्लबांत, साहेबांच्या बंगल्यांत रांधणारे गोव्याचे असंख्य कुझनेर अनामिकच राहिले. त्यांचा मुक्काम धोबीतलावच्या जेर महालसारख्या इमारतींतील गावोगावच्या 'कुडीं'त. एका खोलीत भिंतीलगत ट्रंकांची रांग, आल्तार, सायंकाळी सामुदायिक रोझरी. फ्रेंच सूप आणि विलायती पुडिंगे साधणाऱ्या या माणसाला ज्या दिवाणखान्यात ते वाढले जाई तेथे बसण्याची ऐपत नव्हती. तो कुडीत येऊन भात आणि हुमण जेवे.

चिनी मंडळींची कथा याहून कडवट आहे. कुलाब्याचे 'नानकिंग', चर्चगेटचे 'कामलिंग' यांनी मुंबईला नूडल्सची चव लावली. १९६२ च्या युद्धात मात्र भारतातील चिनी वंशाच्या हजारो नागरिकांना, मुख्यत्वे आसाम-बंगालमधून, राजस्थानातील देवळीच्या छावणीत डांबण्यात आले. त्यांत लहान मुलेही होती. सुटकेनंतर अनेकांनी देशच सोडला. त्यानंतर काही वर्षांतच, १९७५ मध्ये, कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांनी मुंबईच्या क्रिकेट क्लबात कोंबडीचे तुकडे कांदा-लसूण, हिरवी मिरची आणि सोया सॉसमध्ये घोळवून 'चिकन मांचुरियन' केले, असे ते सांगतात. मांचुरियात हा पदार्थ कोणी ओळखणार नाही. पण आज आपल्याकडच्या लग्नाच्या मांडवातही, वाफाळत्या सोरपोतेलाच्या शेजारी, तो हटकून असतो.

माझगावात, जुन्या ख्रिस्ती वस्तीपासून थोड्याच अंतरावर, एका साध्या घराच्या माडीवर चिनी खलाशांच्या काळातले मंदिर आहे. एकच कुटुंब पिढ्यानपिढ्या त्याची निगा राखत आले आहे. चिनी नववर्षाच्या रात्री तेथे उदबत्त्या आणि लाल मेणबत्त्या लागतात, मुंबईत उरलेली थोडी चिनी घरे जमतात. खालच्या रस्त्याने जाणाऱ्या आपल्यांपैकी किती जणांनी आजवर तो जिना चढून पाहिला आहे?