ग्रीक मृद्भांडी आणि एट्रुस्कन थडगी : सार्पेडॉन-पात्राच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
प्राचीन ग्रीकांची भित्तिचित्रे व फलकचित्रे बहुतांशी नष्ट झाली आहेत. त्यामुळे ग्रीक पुराणकथांच्या चित्ररूपाचा अभ्यास करताना मृद्भांडी हे प्रमुख साधन ठरते. यांतील अनेक उत्कृष्ट भांडी ग्रीसमध्ये नव्हे, तर इटलीतील एट्रुस्कन थडग्यांत सापडली. म्हणूनच अठराव्या शतकात ती एट्रुस्कनांचीच मानली जात. जोसाया वेजवूड यांनी १७६९ मध्ये इंग्लंडमधील आपल्या कारखान्यास ‘एट्रुरिया’ हे नाव दिले, त्यामागे हीच समजूत होती. भांड्यांवरील ग्रीक लेखांच्या अभ्यासातून पुढे ती दूर झाली.

पात्राचे स्वरूप :
सार्पेडॉन-पात्र इ.स.पू. ५१५ च्या सुमारास अथेन्समध्ये तयार झाले. मेजवानीत मद्यात पाणी मिसळण्यासाठी अशी पात्रे वापरीत. ते युक्सिथिओस या कुंभाराने घडविले व युफ्रोनिओसने काळ्या पार्श्वभूमीवर तांबड्या आकृतींच्या शैलीत रंगविले. ‘इलियड’च्या सोळाव्या सर्गातील कथेनुसार झ्यूसपुत्र सार्पेडॉन पॅट्रोक्लसच्या हातून मारला जातो. चित्रात निद्रा व मृत्यू हे पंखधारी बंधू त्याचा रक्तबंबाळ देह उचलत असून मध्यभागी हर्मीस उभा आहे. देवाधिदेवालाही पुत्राचा मृत्यू टाळता आला नाही. मायभूमी लिशियात त्याचे अंत्यसंस्कार व्हावेत, एवढेच तो करू शकला.

एट्रुस्कन संदर्भ :
एट्रुस्कनांनी या कथा केवळ आयात केल्या नाहीत, तर त्यांना आपल्या श्रद्धांची जोडही दिली. व्हल्ची येथील एका एट्रुस्कन पात्रावर एजॅक्स ट्रोजन कैद्याचा वध करीत असता शेजारी हातोडाधारी मृत्युदेवता कॅरुन दिसते. ग्रीकांचा कॅरॉन मात्र मृतांना पैलतीरी नेणारा नावाडी होय. त्यामुळे मृतदेह स्वगृही नेण्याचे दृश्य एट्रुस्कन थडग्यात कोणत्या अर्थाने ठेवले गेले, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

संदर्भाची हानी :
याचे उत्तर पात्राजवळच्या अस्थी, अन्य वस्तू व त्यांची मांडणी यांतून मिळू शकले असते. परंतु १९७१ मध्ये चेर्व्हेतेरीजवळ बेकायदा उत्खनन करून ते काढण्यात आले. १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने ते दहा लाख डॉलरना विकत घेतले. २००८ मध्ये ते इटलीस परत मिळाले. मात्र थडग्यातील मूळ मांडणीची शास्त्रीय नोंद कायमची गमावली गेली.

निष्कर्ष :
चित्रकार, कथा व शैली यांची ओळख पात्रावरून पटते. पण ते वापरणाऱ्या समाजाची श्रद्धा समजण्यास सापडण्याचे स्थळही तितकेच आवश्यक असते. म्हणून पुरास्थळांचे संरक्षण हे इतिहासलेखनाच्या साधनांचेच संरक्षण होय.