चौकीच्या आधीं इस्पितळ

मालेगांव हें नाशिकखालोखाल जिल्ह्यांतील मोठें शहर. गिरणा आणि मोसम यांच्या कांठचें, मुंबई-आग्रा रस्त्यावरचें, मागांच्या खडखडाटानें रात्रींही जागें असणारें. जिल्ह्याचें मुख्य ठिकाण येथून सुमारें शंभर किलोमीटर दूर आहे. अशा शहरांत किंवा त्याच्या आसपासच्या एखाद्या खेड्यांत कोणा स्त्रीवर बलात्कार झाला, तर तिच्या माणसांनीं तिला प्रथम कोठें न्यावें, पोलिसचौकीवर कीं इस्पितळांत? हात मोडलेल्या माणसाविषयीं असा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. परंतु या एका दुखापतीच्या बाबतींत त्याचें सरळ उत्तर देण्यास आपल्या कायद्याला आणि वैद्यकाला मिळून जवळजवळ दीडशें वर्षें लागलीं. आणि त्या दीडशें वर्षांतील पुष्कळसा इतिहास महाराष्ट्रांतच घडला आहे.

इ. स. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत १५५ वें कलम होतें. फिर्यादी स्त्री सामान्यतः अनीतीच्या वर्तनाची आहे असें दाखवून तिच्या साक्षीची किंमत कमी करण्याची मुभा त्याच्या चौथ्या पोटकलमानें आरोपीला दिली होती. कायद्यानें एवढें दार उघडल्यावर वैद्यकशास्त्र त्यांतून आंत शिरलें यांत नवल नाहीं. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांतील अध्यापक लायन यांचा न्यायवैद्यकावरील ग्रंथ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघाला. मोदींचा प्रसिद्ध ग्रंथ १९२० सालचा. अशा ग्रंथांवर डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या वाढल्या. बलात्काराच्या फिर्यादी पुष्कळदां खोट्या असतात, ही शंका विद्यार्थ्याच्या मनांत आधीं रुजे. समोर आहे तें दुखावलेलें माणूस आहे, हा विचार मागाहून येई, किंवा येतच नसे. कौमार्यपटलाची स्थिति आणि ती दोन बोटांची चांचणी यांना शास्त्राचें वजन मिळालें तें याच वातावरणांत. वस्तुतः बलात्कार झाला कीं नाहीं, याचा त्या चांचणीनें कांहींएक बोध होत नाहीं.

त्या कायद्यास बरोबर शंभर वर्षें झालीं त्या सालीं, २६ मार्च १९७२ च्या रात्रीं, त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यांतील देसाईगंज येथें खुद्द पोलिसचौकींतच एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. तिचें नांव पुढें देशभर झालें. येथें तें घेण्याचें कारण नाहीं. तिच्या माणसांनीं गांवांतील डॉक्टराचा सल्ला घेतला. त्यानें सल्ला दिला तो चौकीवर जाऊन फिर्याद नोंदविण्याचा; म्हणजे जेथून ती नुकतीच बाहेर पडली होती तेथेंच परत जाण्याचा! तिची वैद्यकीय तपासणी झाली ती दुसऱ्या दिवशीं रात्रीं आठ वाजतां. अंगावर जखम नाहीं, पटल पूर्वींच फाटलेलें, दोन बोटें सहज जातात, वय चौदा ते सोळा, असा तपासणीचा निष्कर्ष निघाला. तिच्या कपड्यांवर वीर्याचे डाग सांपडले होते. तरीही मुलगी संभोगाला सरावलेली आहे असें म्हणून सेशन्स कोर्टानें १९७४ सालीं आरोपींना सोडलें. १९७६ सालीं नागपूर खंडपीठानें त्यांना शिक्षा दिली. आणि १९७८ च्या सप्टेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें ती रद्द केली. अंगावर जखमा नाहींत, यावर त्या निकालाचा मोठा भर होता. भयानें गारठलेलें शरीर झुंज देतेंच असें नाहीं आणि गेलेल्या प्रत्येक तासाबरोबर खुणा पुसट होत जातात, हें आज वैद्यकाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक आहे. निकालपत्रांत तपासणीचें वर्णन आहे, उपचाराचें नाहीं. या मुलीला गर्भ राहील काय, कांहीं रोग लागेल काय, तिला झोंप येते काय, हे प्रश्न कोणाच्या मनांत आले असतील तर त्यांची खूण त्या कागदांवर उरलेली नाहीं.

पुढच्याच वर्षीं, १९७३ च्या नोव्हेंबरांत, मुंबईस परळच्या केईएम रुग्णालयांत तेथल्याच एका परिचारिकेवर तेथल्याच सफाई कामगारानें हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीनें गळा आवळला गेल्यामुळें तिच्या मेंदूला कायमची इजा झाली. सहकारी परिचारिकांनीं तिची शुश्रूषा २०१५ सालीं तिचा अंत होईपर्यंत, एकेचाळीस वर्षें, अखंड केली. याला जोड सांपडणें कठीण. पण खटल्यांत लैंगिक अत्याचाराचा आरोप ठेवलाच गेला नाहीं. हल्ला आणि चोरी एवढ्यावरच गुन्हेगाराला सात वर्षें झालीं. देसाईगंजला नोंद झाली आणि काळजी राहिली, परळला काळजी घेतली गेली आणि नोंद राहिली. एकाच इस्पितळानें एकाच वेळीं दोन्ही करावें, ही कल्पना अजून रुजावयाची होती.

१९७९ सालीं उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या चौघां कायदेपंडितांनीं सरन्यायाधीशांस अनावृत पत्र लिहिलें. त्यांतून उठलेल्या चळवळीचें फळ १९८३ च्या दुरुस्तींत दिसलें. तिनें कोठडींतील बलात्काराची वेगळी दखल घेतली, पण इस्पितळाच्या दारापर्यंत ती पोंचली नाहीं. १५५ व्या कलमांतील तें पोटकलम तर २००२ सालच्या अखेरपर्यंत कायद्यांत ठाण मांडून होतें. पोलिसांची चिठ्ठी आणल्याशिवाय तपासणीच नाहीं, हा रिवाज सर्रास चाले. कर्नाटकांतील एका खटल्यांत २००० सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्याबद्दल, विशेषतः खेड्यांतील सरकारी डॉक्टरांबद्दल, स्पष्ट नाराजी नोंदविली.

खरा पालट झाला तो रुग्णालयांच्या आंतून. २००८ सालीं ‘सेहत’ या मुंबईच्या संस्थेनें महापालिकेच्या राजावाडी, वांद्रे-भाभा आणि ओशिवरा येथील रुग्णालयांत उपचार, धीर आणि पुरावा या तिन्ही गोष्टी एकत्र आणण्याचें काम हातीं घेतलें. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील न्यायवैद्यकाचे अध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनीं अशा तपासण्यांची दुर्दशा एका अहवालांत मांडली, आणि २०१० सालीं त्याच्या आधारें नागपूर खंडपीठापुढें जनहितयाचिका गेली. आपल्याच व्यवसायाचे दोष असे उघड्यावर मांडण्यास धैर्य लागतें. डॉक्टरांपाशीं तें फारसें आढळत नाहीं, आणि आम्हां प्राध्यापकांपाशीं तर त्याहून कमी. २०१३ सालीं देशाच्या कायद्यांत नवें कलम आलें. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयानें अशा स्त्रीवर तत्काळ आणि विनामूल्य उपचार केलेच पाहिजेत. न केल्यास एक वर्षापर्यंत कैद. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितांतही ही तरतूद कायम आहे. २०१९ सालीं नाशिकच्याच आरोग्य विज्ञान विद्यापीठानें ‘कौमार्याचीं लक्षणें’ हा भाग अभ्यासक्रमांतून काढून टाकला. त्याही मागें खांडेकरांचाच पाठपुरावा होता. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें दोन बोटांची चांचणी करणें हें गैरवर्तन ठरविलें. तथापि २०१९ च्या आधीं शिकून बाहेर पडलेले डॉक्टर अजून पुष्कळ वर्षें रात्रपाळ्या करणार आहेत, हें विसरून चालणार नाहीं.

आतां पुन्हां मालेगांवकडे वळूं. गर्भ राहूं नये म्हणून द्यावयाची गोळी पहिल्या ७२ तासांत उत्तम, पांच दिवसांपर्यंत कांहीं अंशीं उपयोगी. एच.आय.व्ही.चें प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आंत सुरू करून २८ दिवस घ्यावें लागतें. धनुर्वाताची आणि ‘बी’ काविळीची लस, जखमांचा उपचार, मनाला आधार, हें सर्व त्याच भेटींत. अंगावरील पुरावा केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेप्रमाणें ९६ तासांपर्यंत घेतां येतो, पण तो तासागणिक घटतो. यांतील कशासाठींही पोलिसांची चिठ्ठी लागत नाहीं. रुग्णालयानें पोलिसांना कळवावें असें कायदा सांगतो. पण प्रौढ स्त्रीनें फिर्याद नको म्हटलें तर तो नकार लिहून घ्यावयाचा, उपचार थांबवावयाचा नाहीं. तपासणीलाही तिची संमति लागते. शहरांतल्या खासगी दवाखान्यालाही हें बंधन आहे. बाईला हात न लावतां ‘नाशिकला न्या’ एवढेंच सांगून शंभर किलोमीटरांच्या वाटेला लावण्याची मोकळीक त्याला आतां राहिलेली नाहीं.