परक्यांचे हात, आपली भिंत

बेळगावहून वेंगुर्ल्याकडे जाणारी सडक हिंडलगे आणि सुळगे ओलांडून पुढे गेली, की उचगावचा फाटा लागतो. मळेकरणी देवीच्या अमराईमुळे हे गाव पंचक्रोशीस परिचित आहे, आणि तेथे भरणाऱ्या मराठी साहित्य संमेलनामुळे सीमाभागाबाहेरही त्याचे नाव आदराने घेतले जाते. रेल्वे येण्यापूर्वी बेळगावच्या छावणीचा समुद्राशी संबंध मुख्यतः वेंगुर्ले बंदरानेच जोडलेला होता. पलटणी उतरत त्या तेथेच, आणि घाट चढून वर येत. कोकणी बोलणारी कितीतरी कुटुंबेही अशीच घाटवाटांनी वर आली. मिशनरी मात्र प्रथम पूर्वेकडून आले. लंडन मिशनचे जोसेफ टेलर हे १८२० मध्ये बळ्ळारीहून बेळगावास आले. १८३२ मध्ये मिशनने येथे इंग्रजी शाळा काढली. पुढे १९०४ मध्ये हे कार्य मेथॉडिस्ट पंथीयांच्या हाती गेले. बेननस्मिथ हायस्कूलचे नाव ज्यांच्या घरात एकदाही उच्चारले गेले नसेल, असे जुने बेळगावकर कुटुंब विरळाच.

हे सारे आठवण्याचे कारण असे, की ख्रिस्ती तरुणांनी दूरदेशाहून सुटीत यावे, प्रवासखर्च पदरचा करावा, आणि अपुऱ्या राहिलेल्या एखाद्या शाळेची, दवाखान्याची वा प्रार्थनामंदिराची भिंत स्वतः विटा वाहून पुरी करावी, ही प्रथा आता जगात पुष्कळ रूढ झाली आहे. अशी वार्ता आपल्या देवळाच्या सभामंडपात पोहोचली, म्हणजे दोन उद्गार निघतात. एक म्हणतो, “केवढी ही सेवावृत्ती! आपल्या मुलांना हे कधी सुचते का?” दुसरा म्हणतो, “विटेमागे काय आहे ते आधी पाहा.” दोन्ही उद्गार प्रामाणिक आहेत. त्यांचा निवाडा भावनेने होण्यासारखा नाही. तो इतिहासाच्याच साक्षीने झाला पाहिजे.

दुसऱ्या उद्गारामागील शंकेस निराधार म्हणता येणार नाही. तिची मुळे गोमंतकाच्या मातीत चार शतकांहून खोल गेलेली आहेत. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने तिसवाडी, बारदेश आणि साष्टी या महालांतील देवालये पाडली. कुशस्थळीचा मंगेश नदीपार प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास गेली. देवांच्या मागोमाग माणसेही निघाली. ज्या घरात ही कथा आजीच्या तोंडून नातवापर्यंत आली, त्या घराने क्रूस धारण केलेल्या हातातील विटेकडे क्षणभर संशयाने पाहिले, तर तो दोष नव्हे. ती स्मृती आहे. परंतु त्याच साष्टीत राहून फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचले, आणि १६१६ मध्ये ते छापून निघाले. धर्म पसरविण्याच्याच हेतूने लिहिलेला हा ग्रंथ मराठी भाषेचे एक लेणे ठरला. तेव्हा हेतू आणि फळ यांचा हिशेब एकाच रकान्यात मांडता येत नाही, हा पहिला धडा येथेच मिळतो.

दुसरे उदाहरण अधिक जवळचे आहे. कॅनडात जन्मलेले डॉक्टर विल्यम वानलेस हे १८८९ मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे सांगलीस आले, आणि काही वर्षांतच त्यांनी मिरज हे आपले कार्यक्षेत्र केले. तेथील रुग्णालय १८९४ मध्ये उघडले. इमारतीसाठी पैसा फिलाडेल्फियाच्या एका दानशूर गृहस्थाने दिला, आणि जागा दिली ती मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांनी, म्हणजे गणेशभक्त हिंदू राजघराण्याने. वानलेस यांनी आपण ख्रिस्ताचा संदेश सांगण्यास आलो आहोत, ही गोष्ट कधी लपविली नाही. तसेच तो ऐकला नाही म्हणून कोणाचे गळू फोडावयाचे राहिले नाही. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या टापूतील असंख्य हिंदू माणसे मिरजेहून बरी होऊन आली, आणि आपल्याच कुलदेवतेचा नवस फेडून स्वस्थ झाली. येथे देणाऱ्याचा हेतू उघड होता, घेणाराही सावध होता. त्यामुळे व्यवहार स्वच्छ राहिला.

परंतु केवळ हाताने काम करण्यासाठी, उपदेशाचा एक शब्दही न बोलता परदेशी जाण्याची कल्पना याहून निराळी आहे, आणि तिचा उगम पहिल्या महायुद्धाच्या राखेत आहे. पिएर सेरेसोल हा स्विस अभियंता तिचा जनक होय. त्याचे वडील स्वित्झर्लंडचे राष्ट्राध्यक्ष होऊन गेले होते. हा मुलगा मात्र लष्करी कर भरण्यास नकार देऊन तुरुंगात गेला. ख्रिस्ताची आज्ञा शत्रूवर प्रेम करण्याची असेल, तर ती देवळात म्हणावयाची नसून फावड्याने सिद्ध करावयाची आहे, अशी त्याची धारणा होती. १९२० च्या हिवाळ्यात व्हर्दून रणभूमीजवळील एस्न या उद्ध्वस्त फ्रेंच खेड्यात तो मोजक्या सोबत्यांनिशी गेला. सोबत्यांत जर्मन तरुणही होते. ज्यांच्या तोफांनी गाव पाडले, त्यांच्याच हातांनी ते उभारावे, अशी ती योजना. परंतु गावाच्या जखमा ओल्या होत्या. शत्रूराष्ट्रातील हात आपल्या भिंतीस लागावेत, हे गावास मानवले नाही, आणि १९२१ च्या वसंतात काम थांबवावे लागले.

या अपयशातून सेरेसोल जे शिकला, ते आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. भिंत अपुरी असणे पुरेसे नाही. घरमालकाची हाक आली पाहिजे. पुढे १९२७ मध्ये लिक्टेनस्टाइन या चिमुकल्या राज्यात महापूर आला, तेव्हा १९२८ मध्ये सातशेहून अधिक स्वयंसेवक गाळ उपसण्यास जमले. या संघटनेने आपले ब्रीद निवडले ते असे, की शब्द नकोत, कृती हवी. संस्थापक निष्ठावंत ख्रिस्ती होता, पुढे तो क्वेकर पंथातही गेला. परंतु संघटनेचे दार कोणत्याही धर्माच्या आणि कोणताच धर्म न मानणाऱ्या माणसास सारखेच उघडे ठेवले गेले.

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भीषण भूकंप झाला. गांधीजींची आणि सेरेसोलची भेट त्यापूर्वी, १९३१ च्या डिसेंबरात, स्वित्झर्लंडमध्ये झालेली होती. तो बिहारला आला, राजेंद्रप्रसादांच्या नेतृत्वाखाली चाललेले साहाय्यकार्य त्याने पाहिले, आणि युरोपातील मोजके सोबती घेऊन १९३७ पर्यंत मुझफ्फरपूरच्या परिसरात पूरग्रस्त वस्त्या उंच जागी नव्याने वसविण्याचे काम केले. साहेब म्हटला की घोड्यावर बसून हुकूम सोडणारा, ही त्या काळची समजूत. येथे साहेब डोईवर मातीची टोपली घेऊन चालत होता. त्या टोपलीने खेडुतांच्या मनातील एक जुनी भिंत पाडली, असे म्हणावयास हरकत नाही.

याच परंपरेचे सर्वात हृद्य उदाहरण मात्र आपल्या महाराष्ट्रातच घडले. १९५१ मध्ये वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर बाबा आमटे सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि अवघे चौदा रुपये यांनिशी राहावयास गेले. विनोबांच्या हस्ते आनंदवनाचा आरंभ झाला. आधी विहीर खणली गेली, मग शेत पिकू लागले. परंतु पिकलेली भाजी आणि गाईचे दूध घेणार कोण? कुष्ठरोग्यांच्या हातचे म्हणून वरोऱ्याचा बाजार त्याकडे पाठ फिरवी. अशा समयी, १९५० च्या दशकाच्या आरंभीच्या वर्षांत, सेरेसोलच्या संघटनेचे निरनिराळ्या देशांतील तरुण-तरुणी आनंदवनात येऊन राहिले. रुग्णांच्या खांद्याला खांदा लावून त्यांनी दवाखान्याच्या इमारती उभ्या केल्या. रुग्णांनी रांधलेले अन्न ते जेवले, आनंदवनाची भाजी त्यांनी आवडीने खाल्ली. गावकरी कुतूहलाने पाहावयास येत. गोऱ्या माणसांना काही होत नाही, तर आपल्यालाच का व्हावे, हा विचार हळूहळू पसरला, आणि वरोऱ्याच्या बाजारात आनंदवनाच्या मालास गिऱ्हाईक मिळू लागले. इमारत तर पुरी झालीच. पण गावाच्या मनातील भयाचा जो चिरा वर्षानुवर्षे हलत नव्हता, तो हलला.

यात आपल्याला थोडे ओशाळवाणे वाटावे असेही काही आहे. जी गोष्ट बाबा आणि साधनाताई स्वतः त्या माळावर राहून दाखवीत होते, ती पटण्यास परदेशी माणसाचे जेवण पाहावे लागले. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाणांनी १९३६ पासून आणि अमरावतीच्या तपोवनात डॉक्टर शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ पासून कुष्ठसेवा आरंभिली होती. तरी त्यापूर्वीची कित्येक दशके या देशात हा भार बव्हंशी ख्रिस्ती मिशनांनीच वाहिला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

आणि योग असा, की त्याच काळी वरोरा ज्या मध्यप्रदेश राज्यात होते, त्या राज्याच्या सरकारने १९५४ मध्ये न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनरींच्या कार्याची चौकशी करण्यास समिती नेमली. १९५६ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. रुग्णसेवा वा शिक्षण यांचा धर्मांतराचे साधन म्हणून उपयोग होऊ नये, असे समितीने निक्षून सांगितले. अहवालावर वाद पुष्कळ झाले. परंतु एकाच राज्यात, एकाच दशकात, परदेशी हातांविषयी एवढी शंका आणि परदेशी हातांचे एवढे निर्मळ काम ही दोन्ही नांदत होती, यावरून सरसकट निकाल देणे किती धोक्याचे आहे, हे ध्यानी येते.

मग पारख कशी करावी? वरील उदाहरणांतून जी कसोटी निघते, ती गवंड्याच्या ओळंब्याइतकी साधी आहे. हाक कोणी दिली, हे प्रथम पाहावे. एस्न येथे हाक नव्हती, म्हणून शुद्ध हेतूही फसला. आनंदवनात यजमान होता, म्हणून काम तडीस गेले. त्यानंतर विटेच्या मोबदल्यात काही मागितले जाते का, हे पाहावे. भुकेल्याच्या ताटाशी, आजाऱ्याच्या उशाशी, अजाण लेकराच्या पाटीशी अट बांधली गेली, की सेवेचा सौदा होतो. मग तो सौदा कोणत्याही धर्माच्या नावाने असो. आणि पाहुणे गेल्यावर इमारत कोणाची, तेथला गवंडी रिकामा बसला की शहाणा झाला, हेही पाहिले पाहिजे. चार दिवस विटा रचून, छायाचित्रे काढून परत जाणाऱ्या हौशी माणसापेक्षा त्याच पैशात गावच्या पाथरवटास महिनाभर काम मिळाले असते, तर ती सेवा अधिक खरी ठरली असती.

हीच कसोटी आपण स्वतःसही लावली पाहिजे. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावास गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. गंगाधरराव देशपांडे यांच्या व्यवस्थेखाली टिळकवाडीच्या माळावर विजयनगर नावाचे तात्पुरते नगर उठले. त्यासाठी खणलेली विहीर आजही तेथे आहे. डॉक्टर ना. सु. हर्डीकरांचे स्वयंसेवक राबले. स्वच्छतेच्या कामी उचगावशेजारच्या बेळगुंदीशी ज्यांच्या घराण्याचा संबंध, ते काकासाहेब कालेलकर उभे राहिले, आणि उच्चवर्णीय तरुणांनी मैला उचलण्याचे काम आपल्या हातांनी केले. गाडगेबाबांनी तर आयुष्यभर खराटा हाती धरला, धर्मशाळा बांधल्या, आणि एकही देऊळ बांधले नाही. श्रमदानासाठी आपणास परदेशाकडे पाहावे लागते असे नव्हे. त्याचे धागे आपल्याच वस्त्रात आहेत; ते विरू दिले, तो प्रमाद आपला.

आणि एका भिंतीची आठवण तर प्रत्येक वारकऱ्याने बाळगावयास हवी. चोखोबा मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम करीत असता कुसू कोसळले आणि ते त्याखाली गेले, असे परंपरा सांगते. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरीस आणल्या. समाधी झाली ती महाद्वाराबाहेर, पायरीशी. ज्याने गावाची भिंत उभारली, त्यास देवाच्या भिंतीआड जागा नव्हती. ती जागा मिळावी म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात प्राण पणास लावावे लागले.

परक्याच्या हाताची पारख अवश्य करावी. इतिहासाने तो अधिकार आपणास दिला आहे. परंतु आपल्या देवळाचा चिरा ज्याने घडविला, त्याला आपण सभामंडपात कोठे बसविले, हा प्रश्न मिशनऱ्याने विचारण्यापूर्वी आपणच स्वतःस विचारावा. ज्या गावात जीर्णोद्धाराच्या दिवशी प्रत्येक घरातून एक माणूस दगड वाहण्यास येतो आणि सारे एकाच पंगतीस बसतात, त्या गावाला कोणाच्याही विटेचे भय बाळगण्याचे कारण उरत नाही.