चाळीस हजार घोड्यांचा चारा : दुर्गच्या टेकडीवरून भास्करपंतांकडे पाहताना



आजचा भाग थोडा वेगळा आहे. यात लढाई आहेच, पण माझी एक चूकही आहे. ती आधी सांगतो.

बरेच जण विचारतात, "कर्नलसाहेब, तुम्ही सैन्यातले, इतिहासाकडे कसे वळलात?" उत्तर मरोद्यातच आहे. भिलाईचा कारखाना उभा राहत असताना वडील नागपूरहून इथे नोकरीला आले. १९५९ साली पहिली झोतभट्टी सुरू झाली, त्या काळातली ही गोष्ट. टाउनशिपमध्ये शेजारी बंगाली, समोर तेलुगू, मागे पंजाबी. शाळा हिंदी. मराठी फक्त घरात, आणि ती आईने वाचून दाखवलेल्या शिवकालाच्या गोष्टींतून. त्यामुळे मराठा म्हणजे नेहमी जिंकणारा आणि कधी हरलाच तर फितुरीने, एवढीच माझी समजूत होती.

विज्ञानाची पदवी घेऊन सैन्यात गेलो. नोकरी पुरवठा विभागात, म्हणजे आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये. आमचे काम तलवार चालवण्याचे नव्हते. किती माणसे, किती दिवस, किती आटा, किती डिझेल, याचा हिशोब. निवृत्त झाल्यावर मरोद्याला परतलो आणि इतिहासावर लिहायला, बोलायला लागलो. पद नाही, पगार नाही, संस्था नाही. अशा माणसाला धाक कोणाचा असावा? माझ्या मते विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांचा. गावोगाव हिंडून, दप्तरे धुंडाळून त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला घेतली. पहिला खंड १८९८ चा, त्यात पानिपतापर्यंतच्या काळाची पत्रे. बखरीपेक्षा त्या वेळचे अस्सल पत्र मोठे, हा त्यांचा आग्रह. हा धडा मला पाठ होता. पाळला मात्र नाही.

झाले असे. मागे मी भास्करराम कोल्हटकर, म्हणजे भास्करपंत, यांच्यावर एक भाग केला होता. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे हे सेनापती. १७४१ साली ते छत्तीसगडात उतरले. तेव्हा मराठ्यांनी दुर्ग हा तळ केला. माझ्या घरून स्कूटरवर अर्ध्या तासाच्या आत मी तिथे पोचतो. मातीच्या जुन्या गढीचा तो उंचवटा, जवळून वाहणारी शिवनाथ नदी. तिथून फौज रतनपूरला गेली. हैहयवंशी राजा रघुनाथसिंह म्हातारा, पुत्रशोकात बुडालेला. फारसा प्रतिकार झालाच नाही. पुढे फौज ओडिशा-बंगालकडे गेली. १७४४ च्या ३१ मार्चला मानकरा इथे अलिवर्दीखानाने भास्करपंतांना तहाच्या बोलणीला बोलावले आणि तंबूत दगा करून सरदारांसह मारले.

एवढे सांगून मी थांबलो होतो. पराक्रम झाला, दगाही झाला.

दुसऱ्या दिवशी शेजारचे बंगाली दादा फाटकाशी उभे राहिले. कारखान्यातून निवृत्त झालेले, मितभाषी गृहस्थ. म्हणाले, "कर्नलसाहेब, तुमचा कार्यक्रम पाहिला. तुमच्या घोड्यांनी काय खाल्ले, ते सांगितलेच नाहीत."

मी गप्प. कारण उत्तर मला तीस वर्षांपूर्वीच मिळाले होते. पानागडला पोस्टिंग असताना एका बंगाली सहकाऱ्याच्या घरी त्याची आई नातवाला झोपवत होती. अंगाईत 'बर्गी' असा शब्द आला. मी विचारले, "माँ, बर्गी म्हणजे कोण?" ती सहज म्हणाली, "लुटारू. घोड्यावरून यायचे, धान न्यायचे." बर्गी म्हणजे आपले बारगीर! ज्या शब्दाचा आम्हाला अभिमान, तो तिथे मूल झोपवायला भीती म्हणून वापरतात. हे ठाऊक असून मी कॅमेऱ्यासमोर ते गाळले.

आता पुरवठ्याचा हिशोब करू. ब्रिटिशकालीन गॅझेटिअरमध्ये भास्करपंतांच्या फौजेचा आकडा चाळीस हजार, त्यात बहुतेक घोडदळ, असा येतो. आकडा फुगवलेला असेल. तरी धरून चला. एका घोड्याला रोज दाणा-चारा मिळून किमान आठ किलो. म्हणजे रोज ३२० टन. आजच्या आठ टनी ट्रकचा हिशोब केला तर रोज चाळीस ट्रक. पाणी घोड्यामागे तीस लिटर धरले तरी रोज बारा लाख लिटर. दुर्गला नदीकाठचा उंचवटा का निवडला, ते इथे कळते.

नागपूरहून एवढा चारा मागे ओढत नेणे शक्य नव्हते. रसदेचा ताफा नसणे हाच त्या फौजेचा वेग, आणि तेच तिचे पाप. वेग हवा तर वाटेतल्या गावाने घोडा पोसायचा. गाव देईना तर हिसकायचे. १७४२ साली काटव्याच्या बाजूला हेच घडले. बर्गींच्या भीतीने कलकत्त्यात इंग्रजांनी खंदक खणायला घेतला, त्याचे नावच 'मराठा खंदक'. गंगाराम या कवीचे 'महाराष्ट्र पुराण' त्याच काळातले, बंगालीतले. त्यात आधी देवच पापी लोकांना शासन करायला मराठ्यांना पाठवतो, पण त्यांचे ब्राह्मण-वैष्णवांवरचे अत्याचार पाहून देवी त्यांच्यावर उलटते. आपल्या सेनापतीचा मृत्यू समजून घ्यायचा तर हा कागदही वाचायला हवा. १७५१ च्या तहाने ओडिशा आणि सालीना बारा लाखांची चौथ भोसल्यांना मिळाली. नकाशावर तो विजयच आहे. अंगाईत मात्र तो विजय नाही.

कोणी म्हणेल, त्या काळी सगळेच असे लढत. खरे आहे. पण कारण समजले म्हणजे माफी झाली असे नव्हे. आणि माफी नाही म्हणून मानकऱ्याचा दगा दगा नव्हता, असेही नव्हे. दोन्ही एकाच पानावर लिहायचे.

याच घराण्याची दुसरी बाजूही आहे. रघूजींचे पुत्र बिंबाजी १७५८ ते १७८७ रतनपूरला राहिले. ते तिथलेच झाले. रामटेकडीवर त्यांनी राममंदिर बांधले. दसऱ्याला सोने वाटण्याची चाल इथे त्यांनी आणली, असे छत्तीसगडची इतिहासाची पुस्तके सांगतात. येऊन निघून जाणारा घोडा आणि येऊन घर बांधणारा माणूस, लोक दोघांना वेगवेगळे लक्षात ठेवतात. भिलाईत घर बांधून राहिलेल्या आम्हा मराठी माणसांना हे लवकर समजायला हवे होते.

मी तो जुना भाग काढून टाकला नाही. त्याच्या सुरुवातीला चूक कबूल करून हा नवा भाग जोडला आहे. रेकॉर्डिंगच्या आधी दादांना घरी बोलावून सगळे वाचून दाखवले. चहा संपेपर्यंत ते काही बोलले नाहीत. उठताना म्हणाले, "मानकऱ्याला जे झाले तेही वाईटच. तेही राहू द्या."

राहू दिले आहे. पुढच्या भागात रतनपूर आणि बिंबाजी. जय हिंद.