स्काउटचा पोरगा दक्षिण ध्रुवावर

लहानपणी स्काउटमध्ये गेल्याने पुढे माणसाचं नेमकं काय होतं? शिस्त लागते, चारित्र्य घडतं, असं आपण पटकन बोलून मोकळे होतो. आज एकाच माणसाचं आयुष्य जरा नीट बघूया. त्याचं नाव पॉल सायपल.

साल १९२८. अमेरिकेचा नौदल अधिकारी रिचर्ड बर्ड अंटार्क्टिकावर मोठी मोहीम काढत होता, आणि त्याला सोबत एक स्काउट न्यायचा होता. देशभरातल्या स्काउटांमधून निवड सुरू झाली. पेनसिल्व्हेनियातल्या ईरी गावचा सायपल तेव्हा १९ वर्षांचा, कॉलेजच्या पहिल्याच वर्षाला. स्काउटमधला सर्वांत वरचा ईगल स्काउट हा दर्जा त्याने मिळवला होता, शिवाय तो सी स्काउटही होता. निवड त्याचीच झाली.

आता तुम्ही म्हणाल, नशीब! बरोबर आहे. पण नशिबाने त्याला एकदाच जहाजावर चढवलं. तिथे गेल्यावर कौतुकाचा पाहुणा होऊन बसणं काही परवडणारं नव्हतं. पडेल ते काम करायचं, पेंग्विन आणि सील यांचे नमुने जमवायचे, आणि अंटार्क्टिकाचा लांबलचक काळोखा हिवाळा इतरांसोबत काढायचा. तंबू, गाठी, प्राण्यापक्ष्यांचं निरीक्षण, हे सगळं त्याने बॅज मिळवताना गिरवलेलं होतं. इथे ते रोजच्या कामाला आलं.

१९३३मध्ये बर्ड पुन्हा निघाला, तेव्हा सायपल मोहिमेचा मुख्य जीवशास्त्रज्ञ होता. १९३९मध्ये त्याने डॉक्टरेट मिळवली. विषय होता, अंटार्क्टिकाच्या हवामानाशी माणूस कसं जुळवून घेतो. त्यातूनच ‘विंड चिल’ हा शब्द पुढे आला. पारा तोच असला तरी वारा सुटला की अंगाला थंडी जास्त झोंबते, तिचं हे माप. ते काढायची रीत बघा किती साधी! १९४१च्या सुमारास त्याने आणि चार्ल्स पॅसेल यांनी प्लास्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते वाऱ्यात टांगलं आणि गोठायला किती वेळ लागतो ते मोजलं. पुढे सूत्र सुधारलं गेलं, पण थंड देशांच्या हवामानवृत्तात हा शब्द आजही असतो.

१९५७मध्ये थेट दक्षिण ध्रुवावर पहिल्यांदाच १८ माणसांनी हिवाळा काढला. त्यांचा वैज्ञानिक प्रमुख सायपल. पारा उणे ७४ अंश सेल्सिअसच्याही खाली गेला. त्याच वर्षी मार्चमध्ये तिकडे अमेरिकेत बर्ड वारला. ज्याने त्याला पोरवयात बर्फावर आणलं, त्याच्या अंत्यदर्शनाला जाणंही शक्य नव्हतं. ध्रुवावरून हिवाळ्यात परत यायची सोयच नव्हती.

मग स्काउटने त्याला काय दिलं? माझ्या मते दोन गोष्टी. एक, दार उघडलं. दोन, हाताने करून बघायची आणि मोजायची सवय लावली. दार लाखांत एखाद्यालाच उघडतं. सवय मात्र त्या निवडीत मागे राहिलेल्या मुलांकडेही होतीच की! त्यांच्यावर पुस्तकं निघाली नाहीत, एवढंच.

भेटू पुढच्या भागात.