दोन खिडक्यांची शाळा

पुणें जिल्ह्यांतील मुळशी तालुक्याचें नांव घेतलें, कीं महाराष्ट्राला प्रथम १९२१ चा सत्याग्रह आठवतो. टाटांच्या धरणाखालीं बुडणाऱ्या जमिनींसाठीं शेतकरी सेनापति बापटांच्या मागें उभे राहिले. परंतु धरण झालेंच. पाणी सह्याद्रि उतरून कोंकणांत भिऱ्याच्या विद्युत्गृहीं गेलें आणि त्याची वीज मुंबईस मिळाली. त्याच तालुक्यांत आज हिंजवडीची संगणकनगरी आहे. तेथें लिहिलेल्या आज्ञावल्या सातासमुद्रांपलीकडे चालतात. त्यामुळें मुळशीपुढें जुनाच प्रश्न नव्या वेषांत उभा राहतो: दाराशीं आलेल्या या विद्येंत दारांतल्या माणसाचा वाटा किती?

संकेतस्थळें घडविण्याची विद्या वयानें लहान आहे. टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञानें जिनीव्हाजवळच्या सर्न या संस्थेंत १९८९ सालीं तिची मूळ कल्पना मांडली व १९९१ सालीं पहिलें संकेतस्थळ जगास खुलें झालें. पानाची रचना साधी होती. मजकुराच्या दोहों अंगांस टोकदार कंसांतल्या खुणा घातल्या, कीं हा मथळा, हा परिच्छेद, हा दुवा, असें संगणकास कळे. कोणत्याही पानामागची ही मूळ लिखावट वाचकास उघडून पाहतां येई आणि पुष्कळांनीं ही विद्या अशी पाहून पाहूनच उचलली. पण ज्याचें इंग्रजी शाळेच्या क्रमिक पुस्तकापुढें गेलें नव्हतें, त्याला तें उघडें पुस्तकही मिटल्यासारखेंच होतें.

चित्र आणि वाणी यांच्या साहाय्यानें शिकविण्याची रीत पुण्यास नवी नव्हती. ‘बालचित्रवाणी’ ही संस्था १९८४ सालीं तेथें स्थापन झाली व दूरदर्शनसाठीं मराठींत शैक्षणिक कार्यक्रम करूं लागली. २०१७ सालीं ती बंद पडली. दूरचित्रवाणीवरील पाठाला मात्र एक मर्यादा असे. तो ठरल्या वेळीं येई आणि ठरल्या वेळीं निघून जाई. एखाद्या मुलाचें बोट वहीवर अडखळलें, तरी पाठ त्याच्यासाठीं थांबत नसे. २००५ सालीं यूट्यूब निघालें आणि पुढें पाठ थांबविणें, मागें नेणें, पुन्हां ऐकणें हें सर्वसामान्य शिकणाऱ्याच्या हातीं आलें.

मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या मार्गदर्शनाखालीं ‘स्पोकन ट्यूटोरियल’ हा उपक्रम केंद्र सरकारच्या साहाय्यानें उभा राहिला. त्याचें मर्म याच सोयींत आहे. पाठ सुमारें दहा मिनिटांचा. विद्यार्थी पडद्यावर दोन खिडक्या शेजारीं शेजारीं मांडतो: एकींत पाठ चालतो, दुसरींत तो स्वतः तेंच काम करून पाहतो. लिनक्सपासून संकेतस्थळांना लागणाऱ्या पीएचपी व मायएस्क्यूएलपर्यंत अनेक विषय अशा रीतीनें मांडले गेले. निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकावयास मिळतें. पडद्यावरील अक्षरें मात्र इंग्रजींतच ठेवलेलीं असतात, कारण पुढें नोकरींत तींच भेटावयाचीं असतात.

असा पाठ रचणें तज्ज्ञाला वाटतें तितकें सोपें नाहीं. जाणत्याचा हात पुष्कळशा गोष्टी न सांगतांच उरकतो. ‘आतां फाइल साठवा,’ एवढें म्हणून तो पुढें जातो. नवखा ती टीएक्सटी या साध्या मजकुराच्या शेपटानें साठवितो, आणि पान उभें राहण्याऐवजीं सगळे कंस जसेच्या तसे पडद्यावर उमटतात. एचटीएमएल हें शेपूट हवें होतें, हें सांगावयास जवळ कोणी नसतें, आणि दोष आपल्याच बुद्धीचा, असें समजून तो उठतो. म्हणून या उपक्रमांत संहिता आधीं लिहिली जाते आणि ध्वनिमुद्रणापूर्वीं एखाद्या नवख्याकडून ती पारखून घेतली जाते. मराठी निवेदकापुढें आणखी एक अडचण असते: वाक्य लांबलें, तर पडद्यावरील बाण पुढें निघून जातो. तेव्हां शब्द थोडे, नेमके आणि घरांत बोलावे तसे निवडावे लागतात.

दहा मिनिटांचा पाठ कोणाला एकदम हिंजवडीच्या कचेरींत नेऊन बसवीत नाहीं. मागचें शिक्षण, यंत्राची किंमत आणि रोजचा सराव यांवांचून तें घडत नाहीं. पण पहिली पायरी आपल्या भाषेंत असली, तर ती चढण्यापूर्वींच परतणारे थोडे होतात. मुळशीचें पाणी एकदां वळविलें, तेव्हां तें तेथल्या शेताचें राहिलें नाहीं. विद्येचें तसें नाहीं. ती मुंबईंत रचली, पौडच्या एखाद्या घरांत ऐकली आणि दूरदेशीं वापरली, तरी कोठेंच उणी होत नाहीं. वाट तेवढी मोकळी ठेवावी लागते.