एकच गिऱ्हाईक

आमच्या मंगरूळपीरकडे कापूस फुटला की घरोघरी लग्नाच्या गोष्टी निघत. 1972 साली महाराष्ट्र सरकारने कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली, आणि मुलीचा बाप व्याह्यांच्या आधी ग्रेडरची मर्जी सांभाळू लागला. कापूस विकायचा तो सरकारलाच. परराज्यात नेला तर गुन्हा! आपलाच माल चोरून नेणारा चोर वऱ्हाडाखेरीज कुठे सापडायचा?

हेतू वाईट नव्हता. व्यापाऱ्याच्या तावडीतून शेतकरी सुटावा, हमखास भाव मिळावा. पण भाव आधी बांधून द्यायचा आणि गाठी मागाहून बाजारात विकायच्या, हा सरकारी जुगारच. बाजार पडला की तिजोरीला खोक, चढला की शेतकऱ्याची चुळबुळ. चुकारे हप्त्याहप्त्याने येत. काकांच्या थोरलीला पहिल्या हप्त्यात हळद लागली, शेवटच्या हप्त्यात बारसे झाले. काकू म्हणाल्या, "सरकारच्या आधी नातू आला नं बाप्पा!"

पुढे एकाधिकार सैल झाला, खासगी व्यापारी परत आले. 2004 च्या निवडणुकीत काँग्रेसने क्विंटलला 2,700 रुपयांचे वचन दिले. दुसऱ्याच वर्षी, तिजोरीत खडखडाट म्हणून, आधी मिळणारा 500 रुपयांचा आगाऊ बोनसही सरकारने काढून घेतला. काकांनी वहीत वजाबाकी केली आणि पेन्सिल खाली ठेवली.

धाकटीचे लग्न पुढे ढकलले. पाहुण्यांना कारण काय सांगायचे?

काका म्हणाले, "सांगा, पत्रिका जुळली नाही. आमची अन् सरकारची."